स्वतःची प्रश्नपरीक्षा

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील दुसरा अध्याय आपल्यापैकी प्रत्येकाने पहिल्या वर्षाला घोकलेला आहे. ब्राह्म मुहूर्ती उठणे, दंतधावन, अंजन, नस्य, गंडूष, अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन, स्नान हा क्रम आजही कोणी मध्यरात्री उठवून विचारला तर बिनचूक सांगता येईल. परीक्षेत अभ्यंगाचे गुण विचारले जात, अतिव्यायामाचे दोष विचारले जात, दशविध पापकर्मांची नावे विचारली जात. मात्र अध्यायाच्या अगदी शेवटी, फलश्रुतीच्या आधी, वाग्भटाचार्यांनी जे एक लहानसे कर्म सांगितले आहे त्यावर प्रश्न आल्याचे आमच्या तरी स्मरणात नाही. आपले दिवस आणि आपल्या रात्री सध्या कोणत्या अवस्थेत चालल्या आहेत याचा विचार नित्य करावा, ज्याची ही स्मृती सदैव जवळ असते तो दुःखाचा वाटेकरी होत नाही, असा त्या श्लोकाचा आशय आहे. प्रश्न येत नसे म्हणून आम्ही तो श्लोक वगळला. वगळला तो तब्बल दोन तपे वगळला.

त्या श्लोकाकडे परत कसे आलो, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच आहे. यात आम्हांस भूषणावह असे काही नाही, हे वैद्यबंधूंनी आणि औषधी दुकानदार मित्रांनी आधीच समजून घ्यावे.

तीन वर्षांपूर्वीच्या आषाढातील गोष्ट. अकोल्याच्या पश्चिमेचा डोंगराळ भाग, ज्याला आपण डांगाण म्हणतो, तेथील साठीच्या घरातील एक शेतकरी बाजारच्या दिवशी आमच्याकडे आले. भातलावणी नुकतीच उरकली होती, अंगावर पावसात भिजलेले घोंगडे होते. तक्रार खोकल्याची, तीन आठवड्यांपासूनची. बाजारचा दिवस म्हणजे बाकांवर जागा नाही, पायऱ्यांवर छत्र्यांचा ढीग, आणि शेवटची एस.टी. चुकेल म्हणून प्रत्येकाची घाई. आम्ही नाडी पाहिली, छाती तपासली, चार प्रश्न विचारले आणि चिठ्ठी लिहिली. सितोपलादि, वासा आणि अगस्त्य हरीतकी. अगस्ती ऋषींच्या गावात कासाच्या रुग्णाला अगस्त्य हरीतकी द्यावी, यात आम्हांस नेहमीच एक प्रकारचे समाधान वाटत आले आहे. प्रवरेकाठच्या अगस्ती आश्रमात महाशिवरात्रीला जाणारे आमचे रुग्णही ते नाव ऐकून हात जोडतात.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. थोडे बरे वाटते म्हणाले. तीच औषधे दिली. नंतर आणखी एकदा आले. त्यानंतर आल्या त्या त्यांच्या सूनबाई, एकट्या. गावच्या आशाताईंच्या सांगण्यावरून त्यांनी सासऱ्यांना ग्रामीण रुग्णालयात नेले होते. थुंकीच्या तपासणीत क्षयाचे जंतू आढळले होते. सूनबाई भांडायला आल्या नव्हत्या. सुरू झालेल्या गोळ्यांबरोबर आमचे औषध चालेल का, एवढेच त्यांना विचारायचे होते. जाता जाता त्या म्हणाल्या, "पोरगा त्यांच्याच कुशीत निजायचा, डाक्टर." त्यांचा मुलगा चार वर्षांचा.

त्या रात्री आम्ही बाबांचा जुना केसपेपर काढला. पहिल्याच भेटीच्या नोंदीत, आमच्याच हस्ताक्षरात, लिहिले होते: सायंकाळी अंग कोमट, हातापायांच्या तळव्यांची आग, खांदे दुखतात. राजयक्ष्म्याची त्रिरूप लक्षणे याहून स्वच्छ शब्दांत कोणता रुग्ण सांगणार? बाबांनी ती सांगितली होती, आमच्या कानांनी ती ऐकली होती, हाताने ती लिहिलीही होती. फक्त आम्ही तेथे उपस्थित नव्हतो.

चरकाचार्यांनी शारीरस्थानात प्रज्ञापराध सांगताना धी, धृती आणि स्मृती या तिघींचा भ्रंश सांगितला आहे. आपण प्रज्ञापराध हा शब्द रुग्णाच्या बाबतीत सर्रास वापरतो. रात्री दही खाणारा, वेग अडविणारा, जागरण करणारा. वैद्याच्या स्मृतिभ्रंशाचे निदान कोणी करावयाचे? लक्षणे पाठ असणे म्हणजे स्मृती नव्हे. लागेल त्या क्षणी ती जवळ असणे म्हणजे स्मृती. वाग्भटाचार्यांच्या त्या वगळलेल्या श्लोकात नेमका हाच गुण सांगितला आहे, हे आम्हांस त्या रात्री, इतक्या वर्षांनी, उमगले.

बाबांचा सहा महिन्यांचा उपचार पूर्ण झाला आणि ते बरे झाले. नातवाला आजार नव्हता, पण त्यालाही प्रतिबंधक औषध कित्येक महिने घ्यावे लागले. आमच्यामुळे जे आठवडे वाया गेले ते गेलेच.

आता चिंतनाविषयी. आमच्या घरी आमच्या मातोश्री रोज सकाळी देवपूजा झाल्यावर श्री ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांच्या प्रवचनांचे पुस्तक उघडीत. महाराजांचा काळ १८४५ ते १९१३. साताऱ्याच्या माण तालुक्यातील गोंदवल्याचे हे सत्पुरुष. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक प्रवचन, तारखेनुसार, एका पानात मावणारे, अशी त्या पुस्तकाची मांडणी आहे. महाराष्ट्रात किती घरांतून ते रोज वाचले जाते याची गणती करता येणार नाही. आम्ही चहा घेता घेता ते ऐकत असू. दुपारी विचारले असते तर त्यातील एक वाक्य सांगता आले नसते. दोष पुस्तकाचा नाही. मातोश्रींना ते लागू पडे, कारण त्या वाचून झाल्यावर पुस्तक मिटून काही वेळ तशाच बसत. त्या वेळी त्या स्वतःला काही विचारीत असाव्यात. आम्हांला वाटे, त्यांचे गुडघे दुखत असतील.

लहान, रोजच्या मात्रेत दिलेले चिंतन ही आपल्याकडे जुनी रीत आहे. समर्थांचे मनाचे श्लोक २०५, आणि ते सारे मनालाच उद्देशून. महात्मा गांधींनी आनंद हिंगोरानी यांच्यासाठी २० नोव्हेंबर १९४४ पासून रोज एक विचार लिहून देण्यास प्रारंभ केला आणि तो क्रम जवळजवळ दोन वर्षे चालविला. हिंगोरानी पत्नीवियोगाने खचले होते. देशाचा एवढा भार शिरावर असलेला पुरुष एका दुःखी माणसासाठी रोज दोन-चार ओळी लिहितो, हे एक प्रकारे औषधच होते. मात्रा अल्प, काल निश्चित, सेवन नित्य.

पण केवळ वाचन आम्हांस पुरेसे पडले नाही, हे मान्य केले पाहिजे. त्या रात्रीनंतर आम्ही मातोश्रींचे पुस्तक घेऊन नेमाने वाचू लागलो. दोन महिन्यांत त्याचे पारायण झाले. जिभेवर वाक्ये, आणि चिकित्सालयात पुन्हा तीच घाई. मार्ग सापडला तो अनपेक्षित ठिकाणी, आमच्या चिकित्सालयासमोरच्या औषधी दुकानात.

दुकानाचे मालक जैन आहेत, वयाने आमच्याहून पंधरा वर्षांनी मोठे. आम्ही त्यांना शेठजी म्हणतो, ते आम्हांला डॉक्टर म्हणतात. रात्री दुकान बंद करण्यापूर्वी ते रोजमेळ लिहितात आणि घरी जाऊन प्रतिक्रमणास बसतात. प्रतिक्रमण म्हणजे मागे फिरणे. दिवसभरात कोणाला काय दुखविले, काय खोटे बोललो, कोठे पाऊल चुकले, ते आठवून तेथून परत फिरणे. जैन परंपरेत ते दिवसाचे वेगळे, रात्रीचे वेगळे, पक्षाचे, चातुर्मासाचे आणि संवत्सराचे वेगळे. संवत्सरीच्या दिवशी क्षमा मागण्यासाठी दारी येणारे शेजारी आपण सर्वांनीच पाहिले आहेत. त्यामागे रोजचा केवढा हिशेब असतो हे आम्हांस ठाऊक नव्हते. शेठजी म्हणाले, "रोजमेळ महिन्याने एकदा लिहितो म्हटलं तर जमेल का, डॉक्टर? चार आणे कुठे गेले हे त्याच दिवशी आठवतं."

त्याच संध्याकाळी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "राग मानू नका," ते म्हणाले, "पण बाजारच्या दिवशी चार वाजल्यानंतर तुमच्या चिठ्ठ्या सारख्याच येतात. मला वाचायलाही लागत नाहीत."

हे वाक्य आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

पुढे वाचनात आले की, दुसऱ्या शतकातील रोमन साम्राज्याचा विख्यात वैद्य गॅलेन यानेही नेमके हेच सांगितले आहे. सम्राट मार्कस ऑरेलियस याचा तो वैद्य. सम्राट स्वतः आत्मचिंतनाच्या नोंदी लिहीत असे, त्या आजही जगभर वाचल्या जातात. गॅलेनने मनोविकारांच्या निदानावर आणि उपचारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की, स्वतःवरील प्रेमामुळे माणसाला स्वतःचे दोष दिसत नाहीत, म्हणून ज्याला आपल्याकडून काही मिळवावयाचे नाही अशा वडीलधाऱ्या, सत्यवचनी माणसास गाठून आपले दोष सांगण्याची विनंती करावी. शेठजींना आमच्या चिठ्ठ्यांतून मिळकत होते, तरी ते बोलले. गॅलेनची अट त्यांनी एका अर्थी मोडली आणि दुसऱ्या अर्थी तिच्याही पुढे गेले.

आमच्या ध्यानात आलेली खरी गोष्ट यानंतरची. वैद्य रुग्णाची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या तिन्हींनी करतो. स्वतःचे दर्शन घ्यावे तर ते आरशापुरते, स्पर्शनाचा उपयोग नाही. उरतो तो प्रश्न. आणि प्रश्न विचारण्याची विद्या तर आपल्या हातची आहे! "तब्येत कशी आहे?" असे विचारले तर रुग्ण "बरी आहे" म्हणतो, त्या उत्तराचा चिकित्सेला उपयोग नाही. "काल रात्री किती वाजता जेवलात? भूक लागली होती का? सकाळी जीभ कशी होती?" असे विचारले की अग्नीची अवस्था उलगडते. मग स्वतःला मात्र आपण "मी चांगला वैद्य आहे का?" असा बोजड प्रश्न का विचारावा? त्याचेही उत्तर "बरा आहे" असेच येणार. चिंतन मोठे आणि प्रश्न मोघम असला की मनाला पळवाट सापडते. चिंतन दोन ओळींचे असावे, आणि त्याखालचा प्रश्न असा असावा की त्याचे उत्तर आजच्या तारखेतच शोधावे लागेल.

प्रश्न शोधण्यासाठी आम्हांस दूर जावे लागले नाही. त्याच अध्यायात वाग्भटाचार्यांनी दशविध पापे सांगितली आहेत. तीन शरीराची, चार वाणीची, तीन मनाची. पाठ करताना ती सारी दुसऱ्याची वाटतात. हिंसा म्हटले की खाटीक डोळ्यांसमोर येतो, स्तेय म्हटले की चोर. वैद्यकाच्या खुर्चीत बसून ती एकेक करून वाचली तेव्हा घाम फुटला.

पैशुन्य घ्या. म्हणजे चहाडी, दुसऱ्याच्या मागे त्याला कमी लेखणे. रुग्ण आधीच्या डॉक्टरांची फाईल टेबलावर ठेवतो. आपण ती चाळतो आणि काही न बोलता भुवई उंचावतो. ती भुवई म्हणजे पैशुन्य. आमच्या वहीतील प्रश्न असा: आज कोणाच्या चिठ्ठीकडे पाहून मी मान हलविली? आणि ती हलविण्याआधी त्या वैद्याने तो रुग्ण कोणत्या दिवशी, कोणत्या अवस्थेत पाहिला होता, याचा विचार केला का? पहिल्या आठवड्यात या प्रश्नाचे उत्तर सातही दिवस लिहावे लागले.

परुष भाषण. पथ्य न पाळणाऱ्यावर ओरडणे हा आपण वैद्याचा अधिकार समजतो. पण ज्या घरी एकच वेळ चूल पेटते तेथे "वरण-भात, साजूक तूप" असे पथ्य सांगणे आणि ते पाळले नाही म्हणून झापणे, यात परुषता किती आणि अज्ञान किती? प्रश्न: आज मी जे पथ्य सांगितले ते त्या घरात शिजू शकते का?

संभिन्नालाप म्हणजे असंबद्ध बडबड. वाटते, वैद्याला हा दोष कसा? आम्हांस तो आमच्या आश्वासनांत सापडला. "काही काळजी करू नका, सगळं ठीक होईल." हे वाक्य आम्ही दिवसातून किती वेळा, कोणाकडे न पाहता म्हणतो! एका दिवशी मोजू लागलो आणि दुपारपर्यंत मोजणे सोडून दिले.

अभिध्या, म्हणजे दुसऱ्याच्या धनाची अभिलाषा. येथे वैद्य आणि दुकानदार दोघांनीही जरा थांबावे. एखादे औषध चिठ्ठीत का उतरले? रुग्णाच्या दोषदूष्यांमुळे, की गेल्या आठवड्यात प्रतिनिधीने दिलेल्या योजनेमुळे? फळीवर मुदत संपत आलेला आसव पुढे सरकविला जातो तो कोणाच्या हितासाठी? शेठजींशी या विषयावर बोलणे झाले तेव्हा ते हसले. म्हणाले, "हा प्रश्न आम्ही रात्री विचारत नाही, सकाळी कुलूप उघडतानाच विचारतो. रात्री विचारून माल परत येत नाही." आमच्या मते या संपूर्ण लेखात अधिक उपयोगाचे वाक्य नसेल.

चरकाचार्यांनी विमानस्थानात शिष्यास उपदेश करताना रुग्णाच्या घरी कसे जावे, तेथील गोष्टी बाहेर कशा सांगू नयेत, ज्ञान असले तरी त्याची फुशारकी कशी मारू नये, हे सांगितले आहे. त्यावरूनही काही प्रश्न वहीत आले. त्यांतील एकाचे उत्तर आम्ही अद्याप लिहिलेले नाही, म्हणून तो येथे देत नाही.

वेळ कोणती असावी? दिनचर्याध्यायात पहाटे उठल्यावर प्रथम शरीरचिंता सांगितली आहे. कोणी तिचा अर्थ मलविसर्जनादि शरीरकर्मे असा करतात. आमच्या गुरुजनांनी सांगितलेला अर्थ असा की, रात्रीचे अन्न जिरले की नाही, शरीर कसे आहे, याचा आधी विचार करावा. म्हणजे दिवसाचा पहिला प्रश्न शरीराला, आणि अध्याय संपताना सांगितलेला प्रश्न संपूर्ण दिवसरात्रीला. आम्ही रात्री जेवणानंतर, निजण्यापूर्वी पाच मिनिटे ठेवली. एक विचार, एक प्रश्न, दोन ओळींचे उत्तर. याहून अधिक नाही. अधिक लिहू लागलो की त्यात लेखकपणा शिरतो आणि उत्तरे छान होऊ लागतात. छान उत्तरांवर विश्वास ठेवू नये.

एक सावधगिरी. आमचा हा उत्साह ऐकून आमच्याच एका रुग्णाने, ते शिक्षक आहेत, हा प्रयोग सुरू केला. मुळात वातप्रकृती, अनिद्रेची तक्रार, मन हळवे. रात्री वही घेऊन बसले की दिवसभराच्या चुका रांगेने उभ्या राहत आणि पहाटेपर्यंत झोप नाही. महिन्याने चेहरा पाहूनच आम्ही वही बंद करविली. नंतर त्यांना सकाळची वेळ दिली आणि एकच प्रश्न: काल कोणाचे काही माझ्या हातून बरे झाले का? तेवढे त्यांना मानवले. तेव्हा हे चिंतन सरसकट वाटण्याची गोष्ट नाही. ज्याला विषाद आहे, स्वतःला दोष देण्याची सवयच आहे, त्याला रात्री आत्मपरीक्षण सांगणे म्हणजे तीक्ष्णाग्नीला लंघन देण्यासारखे आहे. विषाद गाढ असेल, जगणे नकोसे झाल्याची भाषा येत असेल, तर वही नव्हे, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. प्रकृती, बल आणि काल पाहूनच मात्रा ठरते, आणि प्रश्नांनाही मात्रा असते.

दुसरे असे की, तेच प्रश्न तीन महिन्यांत सात्म्य होतात. मग उत्तरेही चिठ्ठीसारखी, न वाचता लिहिली जातात. तेव्हा प्रश्न बदलावा, किंवा काही दिवस पान कोरे ठेवावे. आपल्याच तालुक्यातील हरिश्चंद्रगडाच्या शिलालेखांत ज्यांचे नाव आढळते त्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठविले होते, अशी कथा आहे. मायना काय लिहावा हेच त्यांना उमगेना. त्या कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या आल्या. रतनगडाच्या परिसरात उगम पावून आपल्या गावावरून वाहणारी प्रवराच पुढे नेवाशाला जाते, जेथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. आमच्या कोऱ्या पानांना अद्याप कोणाचे उत्तर आलेले नाही. पण ती पाने आम्ही फाडीत नाही, तारीख घालून ठेवतो.

वही सुरू करून तीन वर्षे होत आली. चिठ्ठ्या सुधारल्या का, हे शेठजींना विचारावे. ते म्हणतात, साडेपाचपर्यंत ठीक असतात. बाजारच्या दिवशी आता चार वाजता आम्ही दहा मिनिटे उठतो, हातपाय धुतो, पाणी पितो आणि तोपर्यंतचे केसपेपर परत एकदा नजरेखालून घालतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या प्रत्येकास थुंकीतपासणीसाठी पाठवितो, मग सोबत कोणताही कल्प दिलेला असो. बाकावरचे लोक कुरकुर करतात. एस.टी. एखाद्याची चुकतेही.

गेल्या मार्गशीर्षात ते बाबा आले. प्रकृती ठणठणीत, चालत आले. सोबत नातू, आणि फडक्यात बांधलेला काळभाताचा नवा तांदूळ, तीन-चार शेर तरी असावा. नको म्हणालो तर त्यांनी गाठोडे टेबलावर ठेवून हात मागे घेतले. नातू स्टेथॉस्कोपशी खेळत होता. मग ते दोघे एस.टी. गाठावयास निघून गेले.

त्या रात्री वहीत प्रश्न लिहिला: हा तांदूळ त्यांनी कशाबद्दल दिला, आणि मी तो कशाबद्दल घेतला? खाली तारीख आहे, आणि दोन ओळींची जागा मोकळी आहे.